इंजिन खोलण्याआधी आवाज ऐका

बैल घ्यायचा असला की आपल्याकडचा शेतकरी एकटा कधी बाजारात जात नाही. काष्टीच्या नाहीतर घोडेगावच्या बाजाराला निघताना गावातला एखादा जाणता माणूस बरोबर घेतो. तो जाणता आधी बैलाचं तोंड उघडून दात पाहतो. चौसा आहे की जुळलेला ते सांगतो. खांद्यावरून हात फिरवतो, चार पावलं चालवून पाहतो आणि मालकाला तोंडावर विचारतो, "खोड काय हाये ते आधीच सांग." मारका आहे, औताला बसतो, जू टाकतो, अशी खोड लपवून बैल विकणाऱ्याची पंचक्रोशीत नाचक्की होते.

बैलजोडीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजून जुनी गाडी घेताना मात्र हे शहाणपण कुठं जातं, कोण जाणे. एजंट सांगतो, "एकहाती वापरलेली गाडी आहे, इंजिनाला पाना लागलेला नाही." आपण टायर पाहतो, टेप वाजवून पाहतो, सीटकव्हरवर हात फिरवतो, बॉनेट उघडून आत काही कळल्यासारखी मान डोलावतो आणि विसार देऊन मोकळे होतो. पहिली फेरी केडगावच्या रेणुकामातेला होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. आठ-पंधरा दिवसांनी एके सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून 'ठक-ठक' सुरू होतं. तिथून पुढचा खर्च कुठं जाऊन थांबेल याचा नेम नसतो.

हा लेख त्या 'ठक-ठक'बद्दल आहे. विषय गॅरेजचा वाटेल, पण आहे शेतकऱ्याच्या खिशाचा. ग्रामपंचायतीच्या खर्चाचाही आहे, ते पुढं येईलच.

घरची गोष्ट

२०२३ सालच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या पुतण्यानं एक जुनी डिझेल जीप घेतली. वखारीतला गावरान कांदा त्या वेळी बऱ्या भावानं गेला होता. नेप्तीच्या उपबाजारात कांदा न्यायला दर वेळी भाड्याचा टेम्पो करायचा, त्यापेक्षा घरची गाडी बरी, असा हिशोब होता आणि तो चुकीचा नव्हता. गाडी पाहायला आम्ही सकाळी अकराच्या सुमारास गेलो. मालकानं किल्ली फिरवताच गाडी चालू झाली. बॉनेटला हात लावला तर गरम होतं. 'आत्ताच बाजारातून आलो,' असं तो म्हणाला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती आमची पहिली चूक.

आठवड्याभरात सकाळच्या गारठ्यात आवाज यायला लागला. गाडी जागेवर चालू असली की ठक-ठक व्हायची, रेस दिली की कमी व्हायची. रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. कारागिरानं मिनिटभर ऐकलं आणि निकाल दिला. बेअरिंग वाजतंय, इंजिन उतरवावं लागेल, साठ हजार धरून चाला, क्रँक घासायला लागला तर वरचे वेगळे.

तेवढ्यात डिसेंबर उजाडला. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव धाडकन खाली आले. लाल कांदा शेतात, गाडी अंगणात, आणि साठ हजार आणायचे कुठून? वीस-बावीस दिवस जीप चिंचेखाली उभी राहिली आणि लाल कांदा भाड्याच्या टेम्पोनंच नेप्तीला गेला. सोसायटीचं कर्ज आधीचंच होतं. घरात सोनं मोडायची भाषा सुरू झाली. एका आवाजानं घराची झोप उडवली.

शेवटी कोणीतरी केडगावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सांगितलं. पुणे रस्त्याच्या आत, बोळात पत्र्याचं शेड. बाहेर पाटीसुद्धा नाही. गाडी दोरानं ओढून नेली. मिस्त्रीनं पाना हातात घेतला नाही. आधी डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. आवाज थंडीत येतो की गरम झाल्यावर? जागेवर येतो की चढावर? क्लच दाबला की बदलतो का? ऑइल कधी बदललं? कोणतं टाकलं? निम्म्या प्रश्नांची उत्तरं आमच्याजवळ नव्हती. तो एवढंच म्हणाला, "काका, गाडी तुमची हाये. तिचं दुखणं तुम्हीच सांगायचं, मी फक्त जागा शोधून देतो."

मग त्यानं ऑइलची पट्टी पाहिली. ऑइल भरपूर होतं. इंजिन चालू ठेवून एकेका नोजलच्या पाइपचा नट जरासा ढिला केला, म्हणजे त्या त्या सिलिंडरचं डिझेल क्षणभर बंद केलं. चारही सिलिंडर झाले, पण ठक-ठक जशीच्या तशी. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत असतं, तर त्या सिलिंडरचा जोर निघताच आवाज मऊ पडला असता. इथंच साठ हजारांचा निम्मा निकाल उलटला. मग त्यानं ऑइलच्या स्विचच्या भोकात प्रेशर गेज लावलं. इंजिन चांगलं तापल्यावरही दाब ठीक होता. बेअरिंग झिजलं असतं तर गरम झाल्यावर काटा खाली आला असता.

त्यानंतर फॅनबेल्ट काढून त्यानं गाडी अर्धा मिनिट चालवली. आवाज गेला नाही, पण बदलला. लांब डिसमिसची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावत तो पुढं पुढं सरकत गेला. आवाज सगळ्यात मोठा पुढच्या बाजूला, खाली होता. गाडी बंद केली, क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून मागं-पुढं हलवली. 'टक' असा आवाज आला. पुलीचा बोल्ट ढिला होता आणि आतली चावी झिजली होती. पुढचं ऑइलसील नवं दिसत होतं. म्हणजे कोणीतरी मागं सील बदललं आणि बोल्ट पुरता आवळलाच नाही.

नवी चावी, पुली, बोल्ट आणि मजुरी धरून तीन हजारांच्या आत काम झालं. पहिल्या कारागिराच्या बाजूनंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'गाडी चालवू नका' हे त्यानं सांगितलं होतं आणि ते बरोबर होतं. तशीच दामटली असती, तर क्रँकचं टोक खराब होऊन खरोखरच इंजिन उतरवावं लागलं असतं. त्याचा कान खोटा नव्हता. त्यानं एका कानावर निकाल दिला, तपासणी केली नाही, एवढाच त्याचा दोष.

दुसरी बाजू

ही गोष्ट ऐकून कोणी 'मेकॅनिक सगळे लुबाडतात' असा अर्थ काढील, म्हणून दुसरीही सांगतो. पारनेर तालुक्यातल्या आमच्या एका पाहुण्यानं जुनी पिकअप घेतली. घेतली तेव्हा इंजिन रेशमासारखं चालत होतं. पंधरा दिवसांनी त्यानं हौसेनं ऑइल बदललं आणि खालून जड आवाज सुरू झाला. आधीच्या ऑइलमध्ये ते दाट करणारं औषध घातलेलं होतं. झिजलेल्या बेअरिंगची पोकळी त्या दाट ऑइलनं भरून काढली होती. ते निघालं आणि खोड उघडी पडली. मिस्त्रीनं गाडी थांबवायला सांगितलं, पण याला वाटलं, हा पैसे काढतोय. महिनाभर तशीच चालवली. इमामपूरचा घाट चढताना कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. रस्त्यावर ऑइलचं थारोळं झालं. पंधरा हजारांच्या आसपास निभावलं असतं, तिथं दुसरं इंजिन बसवावं लागलं.

दोन्ही गाड्या ठक-ठक करत होत्या. एक तीन हजारांत सुटली, दुसरीनं इंजिन खाल्लं. आवाज सारखा असला तरी दुखणं सारखं नसतं. म्हणून आवाजाला घाबरायचं नाही आणि तो कानाआडही करायचा नाही. तो कुठून येतो हे आधी शोधायचं.

आपल्या बापजाद्यांना हे कळत होतं

जुन्या माणसांना हे सांगावं लागत नव्हतं. विहिरीवर साताऱ्याच्या कूपरचं नाहीतर पुण्याच्या किर्लोस्करांचं ऑइल इंजिन असायचं. ते सिंगल सिलिंडर इंजिन दोन शेतं पलीकडून ऐकू यायचं आणि म्हातारा ओट्यावर बसल्या बसल्या सांगायचा की पाणी तुटलं, इंजिन हलकं झालं, पळ. पट्टा सुटला, फूटव्हॉल्व्ह धरत नाही, डिझेलमध्ये हवा आली, हे सगळं आवाजावरून ओळखलं जायचं. मग विजेच्या मोटारी आल्या आणि तो कान गेला.

१८१६ साली फ्रान्समधल्या लाएनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. केडगावच्या मिस्त्रीनं कानाला लावलेली डिसमिस ही त्याच जातीची. घन लोखंडातून आवाज थेट कानापर्यंत पोचतो, बाहेरचा गोंगाट त्यात कमी मिसळतो आणि जागा कळते. हत्यार फुकटातलं आहे. फक्त फॅन आणि बेल्टपासून हात, गमचा आणि सदऱ्याची बाही लांब ठेवायची.

आवाज कसा ओळखायचा

शेतकऱ्यानं मेकॅनिक व्हावं असं माझं म्हणणं नाही. पण गॅरेजच्या दारात उभं राहताना चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो की चाकाच्या? गाडी जागेवर उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. तरी आवाज वाढला तर तो इंजिनाचा किंवा त्याला जोडलेल्या वस्तूंचा. उभ्या गाडीत काही नाही आणि पळताना घरघर वाढते, तर चाकाचं बेअरिंग पाहा. गाडी उचलताना एकदाच 'खट' होतं, तर दांड्याचा क्रॉस पाहा. असल्या आवाजांपायी इंजिन खोललेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट क्लचची. गाडी न्यूट्रलमध्ये चालू असताना आवाज येतो आणि क्लच दाबला की जातो, तर गिअरबॉक्सकडं बोट आहे. क्लच दाबल्यावरच येतो, तर क्लचचं बेअरिंग. दोन्हींत इंजिनाचा दोष नाही.

तिसरी गोष्ट, थंडीत की गरमीत? थंड असताना फट-फट आणि तापल्यावर कमी, तर सायलेन्सरच्या बाजूचं पॅकिंग गळत असू शकतं. लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते. जोडाजवळ काळी काजळी दिसली की खूण पटली. सिलिंडरमध्ये सैल झालेला पिस्टनही थंडीत वाजतो आणि तापल्यावर गप्प होतो. उलट थंड असताना गप्प आणि तापल्यावर खालून जड ठोका, बरोबर ऑइलचा दिवा लुकलुकतो, तर मात्र गाडी तिथंच बंद करा. ऑइल तापून पातळ झालं आणि बेअरिंग त्याला धरून ठेवत नाही, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

चौथी गोष्ट, वरून की खालून, हलका की जड? वरून शिवणयंत्रासारखी टिक-टिक असेल तर बहुधा टॅपेट. चार ठोक्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह क्रँकच्या निम्म्या वेगानं उघडतो. इंजिन जागेवर मिनिटाला ८०० फेरे मारत असेल, तर एक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. म्हणून टॅपेटची टिक-टिक सावकाश वाटते आणि क्रँकचा ठोका दुप्पट घाईचा. सरावलेला कान हा फरक ओळखतो. टॅपेटचं सेटिंग हे तासाभराचं काम आहे. त्याआधी ऑइल कमी झालेलं नाही ना, हे पाहायला तर पैसाही लागत नाही.

यात बाहेरच्या वस्तूंची भर घाला. डायनामोचं बेअरिंग, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग, बसलेले रबरी फाउंडेशन, सायलेन्सरचा सुटलेला पत्रा, सैल बॅटरी. बेल्ट काढून अर्धा-एक मिनिट इंजिन चालवलं आणि आवाज गेला, तर दुखणं बेल्टवर फिरणाऱ्या वस्तूंत आहे. मिनिटाच्या वर चालवू नका. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो.

एक इशारा ठळक लक्षात ठेवा. नोजलचा नट ढिला करायची परीक्षा फक्त जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल गाडीची. नव्या कॉमनरेल डिझेल गाड्यांत पाइपमधला दाब हजार बारच्या वर जातो. तिथं चालू इंजिनावर नट ढिला केला तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण त्यापायी बोट, प्रसंगी हात काढावा लागतो. त्या गाड्यांना स्कॅनर लावूनच तपासणी करावी. स्कॅनरलाही ढिली पुली दिसत नाही, हेही विसरू नये. यंत्र सेन्सरचं सांगतं, लोखंडाचं अजून कानालाच कळतं.

पेट्रोल गाडीवाल्यांना चढावर खणखण ऐकू आली की आता सगळा दोष इथेनॉलवर जातो. २०२५ साली पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत पोचलं, हे खरं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पॅकिंगला ते मानवत नाही, ॲव्हरेजही थोडं उतरतं, हेही खरं. पण इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे त्यानं खणखण वाढायची नाही, कमीच व्हायची. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या जिल्ह्यानं उसाच्या या मालाला न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा देऊ नये. टायमिंग, प्लग आणि आतला कार्बन आधी पाहावा.

हल्लीची पोरं फोनवर आवाज रेकॉर्ड करून मिस्त्रीला पाठवतात. त्याला हरकत नाही, विशेषतः थंडीत येऊन नंतर जाणारा आवाज असा पकडून ठेवलेला बरा. पण फोन माणसाचं बोलणं टिपायला बनवलेला असतो. जड, खालचा ठोका त्यात बारीक होतो. त्या रेकॉर्डिंगवर साठ हजारांचा निर्णय करू नये.

निदानाचे पैसे कोण देतो?

आता मुद्द्याचं बोलू. कारागीर घाईनं 'इंजिन खोला' का म्हणतो? सगळेच लबाड असतात म्हणून नाही. आपण त्याला शोधण्याचे पैसे देत नाही, म्हणून. मिस्त्रीनं दोन तास डोकं लावून सांगितलं की एक बोल्ट ढिला आहे, तर आपण विचारतो, "बोल्ट आवळायचे पाचशे?" तोच मिस्त्री इंजिन उतरवून चार दिवस पसारा मांडतो, तेव्हा आपण निमूट पैसे मोजतो, कारण काम डोळ्यांना दिसतं. डॉक्टरला तपासणी फी देतो, वकिलाला सल्ल्याची देतो, गॅरेजवाल्याकडून मात्र सल्ला फुकट आणि मजुरी घासाघीस करून हवी असते. मग ज्याचं पोट खोलण्यावर चालतं, तो खोलायलाच सांगणार.

म्हणून माझं पहिलं सांगणं शेतकरी बंधूंना आहे. तपासणीचे वेगळे पैसे ठरवा आणि आनंदानं द्या. 'काय बिघडलंय ते शोध, त्याचे एवढे घे, दुरुस्ती करायची की नाही ते मी घरी विचारून सांगतो,' असं आधीच बोला. आणि कोणी इंजिन खोला म्हटलं, की तीन प्रश्न विचारा. ऑइलचा दाब गेज लावून पाहिला का? एकेक सिलिंडर बंद करून पाहिला का? बेल्ट काढून ऐकलं का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर गाडी दोरानं दुसरीकडं न्यावी. दोराचे पैसे महाग पडत नाहीत.

दुसरं सांगणं सरपंच, ग्रामसेवक आणि सदस्यांना. पाण्याचा टँकर, घंटागाडी, ट्रॅक्टर अशी वाहनं आता गावोगाव आहेत. मासिक सभेत 'इंजिन दुरुस्ती' एवढ्या दोन शब्दांवर मोठी बिलं मंजूर होतात. पैसा गावाचा असतो. यापुढं अशा बिलाला अर्ध्या पानाचं निदान जोडलेलं असावं. आवाज काय होता, कोणत्या तपासण्या केल्या, ऑइलचा दाब किती भरला, काय झिजलेलं निघालं, आणि जुने भाग ग्रामपंचायतीत जमा केले का. त्यासाठी नवा जी.आर. लागत नाही, सभेचा एक ठराव पुरतो. जुना भाग टेबलावर आला की बिलाची भाषा आपोआप सरळ होते.

तिसरं सांगणं जिल्ह्याला. हा जिल्हा यंत्रांना नवखा नाही. १९७२ साली लूना आणणारी कायनेटिक नगर-दौंड रस्त्यावरची. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, नगरमध्येच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली नव्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत तिची गणना होते. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, तिथं कृषी अभियांत्रिकीचं शिक्षण मिळतं. आयटीआयमधून मोटर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकची पोरं दर वर्षी बाहेर पडतात. ज्या जिल्ह्यात देशाच्या गाड्यांची परीक्षा होते, तिथल्या शेतकऱ्याच्या गाडीची परीक्षा एका मिनिटात आणि एका कानावर व्हावी, हे शोभत नाही.

फार मोठं मागणं नाही. महिन्यातून एक दिवस नेप्तीसारख्या बाजाराच्या आवारात आयटीआयच्या शिक्षकांनी पोरांना घेऊन बसावं. प्रेशर गेज, कॉम्प्रेशन गेज आणि स्कॅनर एवढी सामग्री पुरे. माफक फी घेऊन गाडी तपासावी, कागदावर निदान लिहून द्यावं, दुरुस्ती करू नये. तपासणारा आणि खोलणारा वेगळा असला की निदानात लोभ राहत नाही. पोरांना शंभर तऱ्हांचे आवाज ऐकायला मिळतील, जे वर्गात मिळत नाहीत. केडगावच्या बोळातल्या त्या मिस्त्रीसारख्या माणसांना मानधन देऊन बोलवावं. ही पिढी गेली की तिचा कानही जाईल, आणि तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही.

घेतानाच जपा

जाता जाता गाडी घेणाऱ्यांसाठी. सकाळी, सांगितलेल्या वेळेच्या आधी जा. बॉनेटला हात लावा आणि गरम असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन स्वतः चालू करा. दहा मिनिटं जागेवर ऐका, मग करंजी घाटासारख्या चढावर माणसं बसवून चालवा, परत येऊन गरम इंजिन पुन्हा ऐका. ऑइलची पट्टी काढून ऑइल बोटांत धरा. मधासारखं चिकट लागलं तर मालकाला कारण विचारा. बोलताना टेप बंद ठेवा.

१९३० च्या मालविक्री कायद्याचं मूळ सूत्र असं आहे की माल पारखून घेणं हे घेणाऱ्याचं काम. एका शेतकऱ्यानं दुसऱ्याला घरगुती विकलेल्या गाडीचं इंजिन महिन्यानं वाजलं, तर दाद मागणं अवघड जातं. म्हणून व्यवहाराच्या कागदावर 'इंजिनात आजच्या तारखेला अमुक दोष आहे अथवा नाही' अशी ओळ लिहून सही घ्या. बैलाची खोड विचारतो, तशीच.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० भरल्याशिवाय गाडी तुमची होत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्यांनीही हे कान देऊन ऐकावं. गाडी विकली, पण नाव तुमचंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिला आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ आधी हातात घ्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आहे. एजंटाला ते दाखवायला सांगा.

आमची जीप अजून चालते. सकाळी ती चालू केली की पुतण्या लगेच निघत नाही. बॉनेट उघडून मिनिटभर नुसता ऐकत उभा राहतो. घरातली बाया-माणसं त्याला हसतात. हसू द्या. रोज ऐकणाऱ्यालाच एखाद्या दिवशी आवाज बदललेला कळतो, आणि तो पहिल्या दिवशी कळला तर तीन हजारांत भागतं. गोठ्यात शिरल्या शिरल्या गाय आज रवंथ करत नाही हे ज्याला कळतं, त्याला इंजिनाचंही कळायला हरकत नाही. कान तोच आहे, फक्त थोडी सवय लावायची आहे.